गाडीचा एसी आणि सारखा उडणारा फ्यूज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की गॅरेजवर एकच तक्रार घेऊन गाड्या यायला लागतात. एसी लावला, थोडा वेळ गार हवा आली, मग बंद. फ्यूज बदलला, दोन दिवस चालला, पुन्हा तेच. यातल्या बऱ्याच मालकांना कोणीतरी आधीच कॉम्प्रेसर बदलायला सांगितलेलं असतं. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा माणूस म्हणून मला याचं वाईट वाटतं, कारण दोष अनेकदा एखाद्या सोललेल्या वायरमध्ये किंवा सुट्या मिळणाऱ्या कॉइलमध्ये (क्लचच्या चुंबकावरचं तांब्याच्या तारेचं वेटोळं) असतो. न मोजता कॉम्प्रेसर बदलू नका, एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं आहे. ही माहिती १२ व्होल्टची बॅटरी आणि बेल्टवर फिरणारा कॉम्प्रेसर असलेल्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

एसीचा फ्यूज म्हणजे नेमका कोणता?

बहुतेक गाड्यांत एसीशी संबंधित किमान तीन फ्यूज असतात आणि तिन्हींचे आजार वेगळे. कॉम्प्रेसरच्या मॅग्नेट क्लचचा, म्हणजे बेल्टच्या पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणाऱ्या विजेच्या चुंबकाचा, फ्यूज छोटा, साधारण ७.५ किंवा १० अँपिअरचा. ब्लोअरचा, म्हणजे डॅशबोर्डमधल्या पंख्याचा, बहुधा ३० च्या आसपास. पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सर फॅनचा, म्हणजे एसीचा गॅस गार करणाऱ्या पंख्याचा, ३० किंवा ४०. हवा येते पण गार नाही, तर क्लचकडे बघा. हवाच येत नसेल तर ब्लोअरकडे. गाडी पळताना गार आणि सिग्नलला उभी राहिली की कोमट, अशी तऱ्हा असेल तर कंडेन्सर फॅनकडे.

फ्यूजबॉक्स दोन ठिकाणी असतात, एक बोनेटखाली बॅटरीजवळ आणि एक ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या बाजूला. झाकणाच्या आत नकाशा छापलेला असतो. तो नकाशा आणि गाडीसोबत मिळालेलं पुस्तक एकदा नीट वाचा, कारण काही गाड्यांत त्याच फ्यूजवर मागच्या काचेचा डिफॉगर किंवा एखादा रिलेही (विजेवर चालणारा स्विच) चालतो. अशा वेळी एसी लावल्यावर फ्यूज गेला तरी दोष एसीत असेलच असं नाही.

१० चा सारखा जातो, तर १५ किंवा २० चा घातला तर चालेल का?

नाही. फ्यूजचा आकडा यंत्रासाठी नसतो, वायरसाठी असतो. १० अँपिअरच्या फ्यूजमागे त्या मानाची बारीक वायर टाकलेली असते. तिथे २० चा घातला तर फ्यूज टिकतो आणि वायर तापते. ती वायर डॅशबोर्डच्या आत दुसऱ्या पंचवीस वायरींच्या जुडग्यात बांधलेली असते, म्हणजे आवरण वितळलं की शेजारच्या वायरीही त्यात जातात. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेल्या गाड्या आजही येतात, आणि त्यांतल्या काहींचं अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचं जुडगं, बदलावं लागतं. गाडीला आग लागण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

रंगावरून आकडा ओळखा: ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. लाल जागी निळा किंवा पिवळा बसलेला दिसला, तर आधी कोणीतरी हात मारून गेलं आहे हे समजून तिथूनच तपास सुरू करा.

फ्यूज कधी उडतो, यावरून काही कळतं का?

सगळ्यात जास्त इथूनच कळतं. मीटर हातात घ्यायच्या आधी मी मालकाला हेच विचारतो आणि उत्तर नीट मिळालं तर अर्धं काम झालेलं असतं.

आधी फ्यूजचा स्वभाव समजून घ्या. १० चा फ्यूज ११ अँपिअरला उडत नाही, तो कितीतरी तास तग धरू शकतो. साडेतेराच्या आसपास करंट गेला तर एखाद्या सेकंदापासून दहा मिनिटांपर्यंत कधीही जातो. दुप्पट, म्हणजे २० अँपिअर, गेला तर पाच सेकंदांच्या आत जातो. आणि थेट बॉडीला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला, शॉर्ट असेल तर डोळ्याची पापणी लवायच्या आत.

आता आपली तक्रार यावर लावून बघा.

बटण दाबताक्षणी, दर वेळी, फ्यूज जातो: पूर्ण शॉर्ट. सोललेली वायर, शॉर्ट झालेला डायोड (त्याबद्दल पुढे सांगितलं आहे) किंवा पूर्ण जळालेली कॉइल.

दहा-वीस मिनिटं एसी नीट चालतो, मग जातो आणि गाडी थंड झाल्यावर नवा फ्यूज पुन्हा तेवढाच वेळ टिकतो: क्लच कॉइलवर पहिला संशय. गरम झाल्यावर आतल्या वेटोळ्यांचं वार्निश सुटतं आणि वेटोळी एकमेकांना चिकटतात. विदर्भात मे महिन्यात दुपारी ही तक्रार येते आणि सकाळी गॅरेजला गाडी आणली की काहीच सापडत नाही, ते यामुळेच.

खड्डा, स्पीडब्रेकर किंवा घाटातल्या वळणावर जातो: वायर कुठेतरी पत्र्याला घासते आहे.

गिअर टाकून क्लचचं पेडल सोडताना किंवा जोरात रेस दिल्यावर जातो: इंजिन हलतं तेव्हा हार्नेस ताणला जातो. इंजिन माउंटिंग (इंजिनखालचे रबराचे आधार) दबून खराब झालेलं असेल तर हे हमखास.

फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर जातो: कपलरमध्ये (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) पाणी आणि हिरवा गंज. तरी एक सांगतो. नुसत्या पावसाच्या पाण्यातून १० अँपिअर सहजी जात नाहीत. पाण्याने दोष दिसायला लागतो, पण आत बहुधा आधीचीच उघडी पडलेली वायर असते. कपलर पुसून देणाऱ्यावर समाधान मानू नका.

एसी लावलेला नसतानाही जातो: त्या फ्यूजवरचं दुसरं काहीतरी, किंवा फ्यूज ते रिले यांच्यामधली वायर.

म्हणून फ्यूज गेला की लगेच मोबाइलमध्ये दोन ओळी लिहून ठेवा: किती वेळ चालला होता, रस्ता कसा होता, ब्लोअर कितीवर होता.

जळालेला फ्यूज बघून काही सांगता येतं?

हो, म्हणून तो फेकू नका. आतली पट्टी मधोमध थोडीशी वितळून तुटली असेल आणि प्लास्टिक स्वच्छ असेल, तर करंट मर्यादेच्या थोडा वर गेला होता. पट्टी उडून आत काळा किंवा चंदेरी डाग पसरला असेल, तर तो शॉर्ट. तिसरा प्रकार लोक ओळखत नाहीत: पट्टी शाबूत, पण फ्यूजचं प्लास्टिक पायापाशी वितळलेलं. तिथे शॉर्ट नाही, फ्यूजबॉक्समधली पकड सैल झाली आहे आणि सैल जोडावर उष्णता तयार होते आहे. तिथे नवा फ्यूज घालून उपयोग नाही, आतलं टर्मिनल बदलावं लागतं.

घरी तपासायला काय काय लागेल?

साधा डिजिटल मल्टिमीटर, गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट, दोन वायरी आणि योग्य आकड्याचे चार-पाच चांगले फ्यूज. रस्त्यावरच्या पुडक्यातले स्वस्त फ्यूज घेऊ नका, त्यांतले काही लिहिलेल्या आकड्याला उडतच नाहीत. क्लॅम्प मीटर घ्यायचा असेल तर डीसी, म्हणजे बॅटरीचा एकाच दिशेने वाहणारा, करंट मोजणाराच घ्या. घरगुती वायरिंगवाल्यांकडचा साधा क्लॅम्प फक्त घरातल्या विजेचा उलटसुलट वाहणारा करंट दाखवतो, तो गाडीवर शून्यच दाखवेल.

बोनेटखाली काम करताना ओढणी, सैल बाह्या आणि हात बेल्टपासून लांब ठेवा. किल्ली चालू असताना रेडिएटरचा पंखा कधीही अचानक फिरतो. आणि डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणातल्या वायरी किंवा पिवळे कपलर दिसले तर त्यांना मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू नका. त्या एअरबॅगच्या असतात.

बल्ब लावून शॉर्ट कसा शोधायचा?

जळालेल्या फ्यूजच्या जागी, फ्यूजच्या दोन पायांना, तो २१ वॅटचा बल्ब जोडा. एलईडी चालणार नाही, जुना तारेचाच हवा. आता वायर कुठेही बॉडीला टेकली तरी बल्बमधून दोन अँपिअरपेक्षा कमीच करंट जाईल, म्हणजे काही जळणार नाही आणि फ्यूजमागून फ्यूज वाया जाणार नाहीत.

किल्ली चालू करा आणि क्लचचा रिले उपसून बाजूला ठेवा. तरीही बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट फ्यूज आणि रिलेच्या मध्ये, किंवा त्या फ्यूजवरच्या दुसऱ्या एखाद्या वस्तूत. नाही पेटला तर रिलेच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७ या दोन खाचा तारेने जोडा. हे आकडे रिलेच्या बुडावर किंवा अंगावर बहुधा छापलेले असतात. नसतील तर अंदाजाने तार घालू नका. जोडल्यावर बल्ब मंद पेटला तर वायर ठीक, करंट कॉइलमधून जातो आहे. लख्ख पेटला तर कॉम्प्रेसरवरचा कपलर काढा. काढताच बल्ब विझला तर दोष कॉइलमध्ये किंवा तिच्या डायोडमध्ये. तसाच लख्ख राहिला तर रिलेपासून कॉम्प्रेसरपर्यंतच्या वायरमध्ये.

मग दुसऱ्या माणसाला बल्बकडे बघायला उभं करून हार्नेस हाताने हळूहळू हलवत जा. बल्ब लुकलुकला ती जागा. यात घाई करून चालत नाही. मी स्वतः प्रत्येक वितीवर थांबतो.

क्लच कॉइल कशी मोजायची?

कॉम्प्रेसरवरचा कपलर काढा, मीटर ओहमवर ठेवा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकांना लावून येणारा आकडा, बहुधा ०.२ ते ०.५, लिहून घ्या आणि नंतर तो वजा करा. कॉइलचा रोध, म्हणजे ओहमचा आकडा, छोटा असल्याने हा फरक महत्त्वाचा ठरतो. एकच वायर असेल तर दुसरी पिन कॉम्प्रेसरच्या उघड्या धातूला लावा. कॉइलवर डायोड बसवलेला असेल तर पिना उलटसुलट लावून दोनदा मोजा.

थंड कॉइल बहुधा ३ ते ५ ओहम दाखवते. ३.६ ओहम धरा. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट मिळतात, म्हणजे करंट जेमतेम ४ अँपिअर. १० च्या फ्यूजला हे काहीच नाही. कॉइल १ ओहमवर आली असेल तर तोच करंट १४ अँपिअर होतो, आणि मग फ्यूज काही सेकंदांपासून काही मिनिटांत जाणारच.

थंड कॉइल बरोबर आली म्हणून लगेच तिला सोडू नका. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. म्हणजे २० अंशांना ३.६ ओहम असलेली कॉइल १०० अंशांना ४.७ च्या जवळ जायला हवी. एसी अर्धा तास चालवून इंजिन बंद करा, बेल्ट थांबल्याची खात्री करा आणि लगेच पुन्हा मोजा. गरम असताना आकडा कमी झाला तर वेटोळी आतून शॉर्ट होत आहेत, यात शंका नाही. बल्बच्या चाचणीत असा अर्धवट शॉर्ट निसटू शकतो, म्हणून दोन्ही चाचण्या करा.

मेकॅनिक म्हणतो, कॉम्प्रेसर जाम झालाय म्हणून फ्यूज जातो. खरं का?

थेट तसं नाही. कॉम्प्रेसर फिरवतो तो बेल्ट, वीज नाही. वीज फक्त क्लचच्या चुंबकाला लागते आणि त्या चुंबकाचा करंट कॉइलच्या रोधावर ठरतो. कॉम्प्रेसर हलका फिरतो की जड, याने त्या ४ अँपिअरचे ८ होत नाहीत.

आडमार्गाने संबंध मात्र आहे. कॉम्प्रेसर जड झाला, किंवा प्लेट आणि पुलीमधली फट झिजून वाढली, तर क्लच घसरतो, त्या घर्षणाची उष्णता शेजारच्या कॉइलला लागते आणि ती जळते. ही फट बहुतेक कॉम्प्रेसरमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. पुलीचं बेअरिंग गेलं तरी असंच होतं. तेव्हा इंजिन बंद करून क्लचची पुढची प्लेट हाताने फिरवून बघा. सारख्या, मध्यम जोराने फिरली तर कॉम्प्रेसर जाम नाही. अडकून, खरखर करत फिरली किंवा हललीच नाही, तर मेकॅनिकचं म्हणणं विचारात घ्या.

कॉइल, पुलीचं बेअरिंग आणि प्लेट सुटे मिळतात. बऱ्याच गाड्यांत ते बदलायला गॅसच्या नळ्या उघडाव्याच लागत नाहीत. "कॉइल वेगळी येत नाही, पूर्ण कॉम्प्रेसर घ्या" असं कोणी म्हणालं तर पार्ट नंबर घेऊन दुसऱ्या दुकानात विचारा.

गॅस भरून घेतला तर प्रश्न सुटेल का?

नाही. गॅस कमी असेल तर प्रेशर स्विच क्लचला लागूच देत नाही, त्यात फ्यूज जाण्याचं कारण नाही. जास्त भरला असेल तर दाब वाढून क्लचवर ताण येतो आणि वर सांगितलेली घसरण सुरू होते, इतकंच. प्रेशर स्विच तारेने बायपास करून एसी चालवून दाखवणारे भेटतात. तो स्विच कॉम्प्रेसरला वाचवण्यासाठी असतो, तसं कोणालाही करू देऊ नका.

त्या डायोडची काय भानगड आहे?

चुंबक बंद होताना उलटा झटका देतो. त्याने रिलेचे पॉइंट आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) खराब होऊ नयेत म्हणून कॉइलला समांतर एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, असतो, कधी कॉइलमध्येच, कधी हार्नेसच्या टेपखाली, कधी फ्यूजबॉक्समध्ये. तो शॉर्ट झाला की क्षणात फ्यूज जातो आणि डायोड कॉइलबाहेर असेल तर कॉइल मोजली तर उत्तम निघते. नवी कॉइल घातली तरी तक्रार कायम, अशा गाड्यांत मी आधी डायोड शोधतो. बदलताना तो उलटा बसला तरी फ्यूज जातो. आणि काढून टाकणं हा उपाय नाही, पुढे रिले किंवा ईसीएम खर्चात पाडेल.

वायर नेमकी कुठे घासते? उंदरांचं काय?

कॉम्प्रेसर बहुतेक गाड्यांत खाली, बेल्टच्या बाजूला असतो, म्हणून त्याची वायर बेल्ट, धारदार ब्रॅकेट आणि गरम सायलेन्सर मॅनिफोल्ड यांच्या मधून येते. क्लिप तुटली की वायर लोंबकळते. बॅटरी ट्रेच्या खालचा भागही बघा. सीएनजी किट बसवलेल्या गाडीत किटची वायरिंग मूळ हार्नेसला कुठे जोडली आहे ते उघडून बघा, नुसती पिळून टेप मारलेले जोड तिथे सापडतात.

उंदीर पावसाळ्यात कोरड्या, उबदार जागेसाठी बोनेटमध्ये शिरतात. आठवडाभर न हललेली गाडी त्यांना आवडते. वायरचं आवरण कुरतडून तांबं उघडं राहतं आणि शॉर्ट तेव्हाच होतो जेव्हा ते पत्र्याला टेकतं. लेंड्या, कापूस, कुरतडलेला बोनेटचा पडदा दिसला तर एसीची वायर जोडून थांबू नका, पूर्ण हार्नेस तपासून घ्या. जोड सोल्डर करून वर हीट-श्रिंक स्लीव्ह घाला. इंजिनच्या उष्णतेत साध्या टेपचा गोंद वितळतो आणि वर्षभरात जोड पुन्हा उघडा पडतो.

ब्लोअरचा फ्यूज जात असेल तर?

छोट्या गाडीचा ब्लोअर पूर्ण वेगाला १५ ते २० अँपिअर घेतो. बेअरिंग कोरडं पडलं किंवा पंख्यात काही अडकलं की हा करंट वाढतो. ग्लोव्हबॉक्स काढून ब्लोअर हाताने फिरवून बघा, आवाज न करता मोकळा फिरायला हवा. खालच्या वेगांना चालतो आणि शेवटच्या वेगाला फ्यूज जातो, तर मोटरच जड झाली आहे, कारण शेवटच्या वेगाला रेझिस्टर (खालच्या वेगांना करंट कमी करणारा भाग) मधून निघतो आणि मोटरला पूर्ण करंट मिळतो.

केबिन फिल्टर तुंबल्यामुळे फ्यूज गेला, असं सर्रास सांगतात. या जातीचा पंखा हवा कमी ओढतो तेव्हा त्याच्यावरचा भार उलट कमी होतो. फिल्टर बदला, पण फ्यूजचं कारण वेगळं शोधा.

गुलमोहराखाली किंवा आंब्याखाली गाडी लावत असाल तर वायपरखालची जाळी साफ ठेवा. पानांनी तिथली पाण्याची वाट बुजली की कोकणातल्या पावसात पाणी थेट ब्लोअरमध्ये उतरतं, आणि मोटर गंजून जाते.

कंडेन्सर फॅनचा फ्यूज?

पंखा अडकला की मोटर थांबलेल्या अवस्थेत कित्येक पट करंट ओढते. बॅटरीची निगेटिव्ह काढून, इंजिन थंड असताना पाती हाताने फिरवा. अडत असेल तर मोटर बदला, तेल घालून दिवस काढू नका. हाच पंखा इंजिनही थंड ठेवत असेल तर ही दुरुस्ती लांबवू नका.

गाडीत नंतर बसवलेल्या वस्तूंमुळे असं होतं का?

होतं. डॅशकॅम, जादा लाइट, मोठा हॉर्न यांची वायर सोयीच्या म्हणून एसीच्या फ्यूजवरून घेतलेली असते. एसीत काही न सापडलं तर फ्यूजबॉक्सच्या मागून निघणारी, मूळ हार्नेसमध्ये न बसणारी प्रत्येक वायर काढा आणि मग एसी चालवून बघा.

माझ्या गाडीत क्लचचा टक्क आवाजच येत नाही. आणि इलेक्ट्रिक गाडी?

काही नव्या गाड्यांत क्लच नसतो. कॉम्प्रेसर कायम फिरतो आणि एक कंट्रोल व्हॉल्व्ह गारवा कमी-जास्त करतो. त्या व्हॉल्व्हला ईसीएम तुकड्या-तुकड्यांत वीज देतं. तिथे वरचे ओहमचे आकडे लावू नका आणि थेट १२ व्होल्टही देऊ नका, स्कॅनर असलेल्या माणसाकडे जा.

इलेक्ट्रिक आणि बऱ्याच हायब्रिड गाड्यांत कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो. नारिंगी केबलला हात लावू नका. ते काम प्रशिक्षित माणसाचंच आहे.

गाडी दुरुस्तीला देताना काय मागावं?

फ्यूज कधी जातो त्याच्या नोंदी आणि जळालेले फ्यूज सोबत द्या. कॉइल बदलणार असतील तर जुनी कॉइल तुमच्यासमोर मोजून दाखवायला सांगा, थंड आणि गरम दोन्ही. काम झाल्यावर अर्धा तास एसी चालवून क्लचच्या वायरवर डीसी क्लॅम्प लावून घ्या: सुरुवातीचा करंट लिहा आणि अर्ध्या तासानंतरचा लिहा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा थोडा कमी यायला हवा. तो वाढत असेल तर गाडी ताब्यात घेऊ नका.